जोडणी कोठे तुटते?

१. प्रश्न आणि त्यामागचा प्रसंग

"ब्राउझरमध्ये तर सगळे उघडते आहे, मग हाच एक प्रोग्राम 'सर्व्हर सापडत नाही' म्हणून का अडून बसतो?" संगणकाशी ज्यांचा संबंध केवळ कामापुरता येतो अशा माणसांच्या तोंडी हा प्रश्न वारंवार येतो, आणि तो विचारताना त्यांच्या स्वरात जो किंचित त्रागा असतो तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही, कारण वीज आहे, तार जोडलेली आहे, मोबाइलवर निरोप येत-जात आहेत, बँकेचे पान उघडते आहे, आणि एवढे सारे सुरळीत असताना ज्या एका कामासाठी यंत्र मांडले तेवढेच काम होत नाही, ही गोष्ट व्यवहारबुद्धीला सहजासहजी पटण्यासारखी नाही.

प्रसंग नीट डोळ्यांसमोर यावा म्हणून वाशीमच्या बाजार समितीतील एका अडत दुकानाची कल्पना करू. दुकानाचा हिशेबाचा प्रोग्राम पुष्कळ वर्षांपूर्वी विंडोजसाठी विकत घेतलेला आहे. त्यात शेतकऱ्यांची खाती, काटापट्ट्या, हमाली-तोलाईच्या नोंदी आणि मागल्या कित्येक हंगामांचे सोयाबीन-तुरीचे व्यवहार साठलेले आहेत. विंडोज ७ चा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज ११ ला लागणारी सामग्री जुन्या यंत्रात नाही. म्हणून दुकानदाराने यंत्र तेच ठेवून त्यावर लिनक्स बसवले आणि जुना प्रोग्राम 'वाइन' नावाच्या सॉफ्टवेअरच्या आधाराने चालू केला. खाती उघडली, पावत्या छापून निघाल्या, सारे यथास्थित वाटले. सायंकाळी दिवसभराचे व्यवहार अकोल्याच्या मुख्य पेढीतील सर्व्हरकडे पाठवण्याची वेळ आली तेव्हा मात्र पडद्यावर 'जोडणी अयशस्वी, त्रुटी क्रमांक १००६०' एवढीच ओळ उमटली. "अहो, नेट तर चालू आहे!" असे दिवाणजी म्हणतात, नेट पुरवणारा म्हणतो, आमची लाइन ठीक आहे, प्रोग्राम विकणारा म्हणतो, आमचा माल विंडोजसाठी आहे, लिनक्सचे आम्हाला विचारू नका. तिघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, आणि काम मात्र अडलेलेच राहते.

असा दोष शोधायचा कसा, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्याचे सूत्र आरंभीच सांगून ठेवतो: दोषाची जागा पुराव्याने निश्चित होईपर्यंत कोणत्याही भागाला हात लावू नये. हे सूत्र सांगायला सोपे असले तरी पाळायला कठीण आहे, कारण मध्ये एक परकी व्यवस्था उभी असली की दोष तिच्याच माथी मारण्याचा मोह प्रत्येकाला होतो.

२. वाइन नेमके करते काय

विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम हा प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा बनलेला असतो, आणि त्याच प्रोसेसरवर लिनक्सही चालत असल्यामुळे त्या आज्ञांपैकी बहुतेक आज्ञा जशाच्या तशा पार पडू शकतात. अडचण येते ती प्रोग्राम जेव्हा मूळ व्यवस्थेकडे काही मागतो तेव्हा: फाइल उघडून द्या, खिडकी काढून द्या, अमक्या पत्त्यावरच्या सर्व्हरशी जोडणी करून द्या. या मागण्या विंडोजच्या पद्धतीने केलेल्या असतात, आणि लिनक्सला ती पद्धत ठाऊक नसते. वाइन या मागण्या स्वीकारते, लिनक्सच्या पद्धतीने त्या पुऱ्या करून घेते, आणि आलेले उत्तर पुन्हा विंडोजच्या पद्धतीत घालून प्रोग्रामच्या हाती देते.

वाशीमच्या जुन्या मंडळींना ही व्यवस्था समजावून देण्यास फार प्रयास पडू नयेत. पूर्णा-अकोला हा लोहमार्ग दीर्घकाळ मीटरगेज होता, म्हणजे त्याच्या दोन रुळांतील अंतर १,००० मिलिमीटर होते. आणि अकोल्यावरून जाणारा मुंबई-नागपूरचा मोठा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे १,६७६ मिलिमीटरचा. वाशीमहून निघालेला माल पुढे मोठ्या मार्गावर न्यायचा तर अकोल्याला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवणे भाग होते. माल तोच, पोती तीच, मालकही तोच. बदलायचा तो फक्त डबा, आणि डब्याबरोबर कागदावरची नोंद. वाइन हे या बदलीच्या फलाटासारखे आहे. फलाटावर पोते मोजताना चुकले, नोंद उलटी झाली, किंवा गाडी आल्याची वर्दी वेळेवर गेली नाही, तर दोन्ही मार्ग निर्दोष असूनही माल अडतो.

१९९३ साली, म्हणजे वाशीम अद्याप अकोला जिल्ह्यातच मोडत होते तेव्हा, बॉब ॲमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी वाइनच्या कामाला आरंभ केला. पुढल्याच वर्षापासून त्याची धुरा अलेक्झांडर ज्युलियार यांच्याकडे आली. पहिली अधिकृत स्थिर आवृत्ती, १.०, ही १७ जून २००८ रोजी प्रसिद्ध झाली. पंधरा वर्षे लागावीत याचे कारण असे, की या कामात मायक्रोसॉफ्टचा मूळ कोड हाती नव्हता, आणि विंडोज कोणत्या मागणीला काय उत्तर देते हे बाहेरून चाचपून पाहावे लागत होते. २००८ च्या सुमारास पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला आणि तिथली बदली संपली. परंतु ज्या प्रोग्रामचा मूळ कोड कोणाच्याही हाती उरलेला नाही, ज्याचा कर्ता धंदा बंद करून निघून गेला आहे, तो प्रोग्राम अशा रीतीने रुंद करता येत नाही. त्याच्यासाठी बदलीची जागा कायमच राखावी लागते.

३. जोडणी म्हणजे काय

दोन संगणकांमधील जोडणीला तीन गोष्टी लागतात: दुसऱ्या यंत्राचा आकडी पत्ता, त्या यंत्रावरच्या नेमक्या सेवेचा क्रमांक, ज्याला पोर्ट म्हणतात, आणि आपल्या बाजूला ही जोडणी धरून ठेवणारे एक साधन, ज्याला सॉकेट म्हणतात. एकाच सर्व्हरवर संकेतस्थळ ४४३ या पोर्टवर असेल आणि हिशेबाची सेवा ९००० या पोर्टवर असेल. एक पोर्ट उघडा असणे म्हणजे दुसरा उघडा असणे नव्हे. ब्राउझर चालतो म्हणून प्रोग्राम चाललाच पाहिजे या अनुमानातील पहिला दोष हाच आहे.

सॉकेटची ही कल्पना १९८३ साली बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समधून सर्वत्र पसरली. लिनक्सने ती जवळपास जशीच्या तशी घेतली. विंडोजसाठी १९९० च्या दशकाच्या आरंभी 'विनसॉक' नावाचा स्वतंत्र संकेत ठरवण्यात आला. तो बर्कलीच्या नमुन्यावरच बेतलेला होता, परंतु विंडोजच्या गरजांप्रमाणे त्यात पुष्कळ भर घालण्यात आली. दोन्ही पद्धती एकाच घराण्यातल्या असल्यामुळे दहापैकी नऊ गोष्टी सारख्या दिसतात, आणि दोषाची गोम बहुधा उरलेल्या दहाव्या गोष्टीत असते. सर्वस्वी भिन्न असलेल्या दोन पद्धतींत माणूस सावध राहतो. सारख्या दिसणाऱ्या पद्धतींत तो गाफील राहतो.

४. आकडे, एकके आणि रिवाज

पहिला भेद आकड्यांचा. पत्त्याचा प्रकार सांगताना जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीच्या, पत्त्यासाठी दोन्ही व्यवस्था २ हाच आकडा वापरतात. पण सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यासाठी विंडोजमध्ये २३ आणि लिनक्समध्ये १० असा आकडा आहे. यावरून एक गमतीदार प्रकार संभवतो: आकडा बदलून घ्यायचे विसरलेला कोड जुन्या पत्त्यांवर वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो आणि नव्या पत्त्याची गाठ पडताच कोसळतो. चूक पहिल्या दिवसापासून होतीच. तिला प्रकट व्हायला प्रसंग तेवढा मिळाला नव्हता.

दुसरा भेद एककांचा. उत्तराची वाट किती वेळ पाहायची हे विंडोजचा प्रोग्राम मिलिसेकंदांत सांगतो, तर लिनक्स तीच मुदत सेकंद आणि सेकंदाचे सूक्ष्म भाग अशा जोडीने घेते. प्रोग्रामने ५००० सांगितले तर त्याचा अर्थ पाच सेकंद. हाच आकडा बदल न करता सेकंद म्हणून पुढे गेला तर मुदत होते ५००० सेकंद, म्हणजे ८३ मिनिटे २० सेकंद. पाहणाऱ्याला वाटेल की प्रोग्राम गोठला. वास्तविक तो आज्ञाधारकपणे वाट पाहत बसलेला असतो.

तिसरा आणि सर्वांत अवघड भेद रिवाजाचा. प्रोग्राम सर्व्हरला हाक मारतो, पण उत्तर येईपर्यंत ताटकळत न राहता दुसऱ्या कामाला लागतो, अशी एक सोय दोन्हीकडे आहे. अशा वेळी लिनक्स म्हणते, 'काम सुरू आहे'. विंडोज म्हणते, 'लगेच होण्यासारखे नाही', आणि त्यासाठी १००३५ हा क्रमांक देते. दोन्ही उत्तरांचा व्यावहारिक अर्थ एकच. परंतु विंडोजमध्ये 'काम सुरू आहे' यासाठी १००३६ असा वेगळा क्रमांक आहे, आणि शब्दशः भाषांतर केले तर तोच पुढे जाईल. प्रोग्रामच्या कर्त्याने १००३५ आला तर थांबायचे आणि दुसरे काहीही आले तर जोडणी सोडून द्यायची, असे लिहून ठेवलेले असते. म्हणून शब्दाला शब्द ठेवणारे हे भाषांतर बरोबर दिसूनही घातक ठरते. सारांश, वाइनला विंडोजचे केवळ यश उतरवून चालत नाही. विंडोज कोणत्या वेळी, कोणत्या क्रमांकाने नकार देते, तेही हुबेहूब उतरवावे लागते.

५. वर्दी कोण देणार

अधूनमधून होणारे, दहा वेळा नीट चालून अकराव्या वेळी अडणारे जे दोष असतात, त्यांचे मूळ पुष्कळदा वर्दी देण्याच्या रीतीत सापडते. विंडोजच्या जुन्या प्रोग्रामांना अशी मुभा होती, की 'या सॉकेटवर काही आले तर माझ्या खिडकीला संदेश पाठवा' असे एकदा सांगून ठेवायचे आणि निश्चिंत व्हायचे. लिनक्समध्ये सॉकेट आणि खिडकी यांचा असा परस्पर संबंध नाही. म्हणून वाइनने 'वाइनसर्व्हर' नावाची एक स्वतंत्र प्रक्रिया चालू ठेवली आहे. कोणता सॉकेट कोणाचा, कोणाला कशाची वर्दी हवी, याचे दप्तर ती सांभाळते, लिनक्सकडून हालचाल कळताच योग्य त्या खिडकीला संदेश पाठवते.

या वर्दीलाही नियम आहेत. सॉकेट लिहिण्यास मोकळा झाला अशी वर्दी विंडोज जोडणी होताच एकदा देते. त्यानंतर पाठवण्याचा प्रयत्न १००३५ म्हणून परत आला, आणि पुढे जागा मोकळी झाली, तरच ती पुन्हा देते. वाइनने ही वर्दी एकदा कमी दिली तर प्रोग्राम कायमचा वाट पाहत राहील. एकदा जास्त दिली तर तीच नोंद दोनदा पाठवली जाण्याचा संभव आहे. शिवाय वेग मंद असला की पाठवण्याची जागा भरते, जलद असला की भरत नाही. त्यामुळे शहरातल्या जलद लाइनवर न दिसणारा दोष मानोरा किंवा रिसोड तालुक्यातील एखाद्या गावी, जेथे रेंज येते-जाते, तेथेच नेमका दिसतो. 'आमच्याकडे तर चालते' हे प्रोग्रामकाराचे उत्तर अशा वेळी खोटे नसते, अपुरे असते.

६. तपासाचा क्रम

आता पद्धतीकडे वळू. त्रुटी क्रमांक हा पहिला दस्तऐवज. तो शब्दशः लिहून घ्यावा. ११००१ याचा अर्थ नावावरून पत्ता मिळाला नाही. १००६१ याचा अर्थ यंत्र सापडले, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही म्हणून त्याने स्पष्ट नकार दिला. १००६० याचा अर्थ उत्तरच आले नाही आणि मुदत संपली. १००१३ म्हणजे परवानगी नाही. नकार आणि मौन यांतला भेद फार मोलाचा आहे: नकार आला याचा अर्थ वाट खुली आहे, मौन असेल तर वाटेत कोणीतरी निरोप गिळतो आहे, किंवा पलीकडे यंत्रच बंद आहे.

दुसरी पायरी: त्याच यंत्रावरून, वाइनला मध्ये न घेता, लिनक्सच्या साध्या साधनाने त्याच नावाच्या त्याच पोर्टवर जोडणी करून पाहावी. ब्राउझर उघडून पाहणे ही ती चाचणी नव्हे. आपल्या अडत दुकानाच्या उदाहरणात समजा ९००० या पोर्टवर लिनक्सलाही मौनच मिळाले, तर वाइन निर्दोष ठरले, आणि तपास अकोल्याच्या सर्व्हरच्या फायरवॉलकडे किंवा मधल्या राउटरकडे गेला. वाइनची आवृत्ती बदलण्यात, प्रोग्राम पुन्हा बसवण्यात घालवलेला सारा दिवस अशा वेळी व्यर्थ जातो, आणि पुष्कळांचा तो तसाच जातो.

तिसरी पायरी: लिनक्सचे साधन जोडते आणि प्रोग्राम जोडत नाही असे दिसले, तर तोच प्रोग्राम खऱ्या विंडोजवर, त्याच लाइनवरून चालवून पाहावा. तेथेही अडला तर दोष प्रोग्राममध्ये किंवा त्याच्या मांडणीत आहे.

चौथी पायरी: वाइनसाठी नवी, कोरी फोल्डर-व्यवस्था करून तीत प्रोग्राम पुन्हा बसवावा. वाइन आपल्या प्रोग्रामांसाठी विंडोजच्या 'सी' ड्राइव्हचा एक देखावा एका फोल्डरमध्ये उभा करते. त्या फोल्डरमध्ये मागे कोणीतरी केलेले उपाय, बदललेल्या फाइली, विसरलेल्या प्रॉक्सीच्या नोंदी साचलेल्या असतात. कोऱ्या जागी दोष दिसेनासा झाला तर तो वाइनच्या कोडचा नव्हे, साचलेल्या उपायांचा. चारही पायऱ्या ओलांडून जो दोष शिल्लक राहतो, तोच बदलीच्या फलाटावरचा.

७. रोजनामा वाचण्याची रीत

वाइन आपल्या कामाचा रोजनामा ठेवू शकते; तो मागावा मात्र लागतो. प्रोग्राम सुरू करतेवेळी कोणत्या विभागाच्या नोंदी हव्यात ते सांगता येते: सॉकेटांसाठी विनसॉक, संकेतस्थळांशी बोलणाऱ्या भागासाठी विनइनेट किंवा विनएचटीटीपी, आणि सुरक्षित जोडणीसाठी सेक्युर३२. प्रत्येक ओळीच्या आरंभी कोणत्या धाग्याने हाक मारली त्याचा क्रमांक असतो, पुढे नोंदीचा वर्ग, विभागाचे नाव, फंक्शनचे नाव आणि शेवटी तपशील. या वर्गांत 'फिक्समी' हा वर्ग नवख्याला फार भिवडवतो; त्याचा अर्थ इतकाच, की वाइनमध्ये अमुक गोष्ट अद्याप पूर्णपणे लिहिलेली नाही. अशा कित्येक ओळी निरुपद्रवी असतात. रोजनाम्यातली शेवटची भयंकर दिसणारी ओळ पकडून तीच कारण मानण्याऐवजी, प्रोग्रामने हार मानली ती जागा शोधावी आणि तेथून उलटे वर जात, पहिले अनपेक्षित उत्तर कोणत्या हाकेला मिळाले ते पाहावे. परिणामांची गर्दी खाली असते. कारण बहुधा त्याच्या बरेच वर, शांतपणे बसलेले असते.

सगळ्याच विभागांचा रोजनामा एकदम मागणे हा शहाणपणा नव्हे. नोंदी लिहिण्यातच इतका वेळ जातो, की प्रोग्रामची चाल मंदावते, आणि मागे सांगितलेले वर्दीचे दोष, जे केवळ वेळेच्या किंचित फरकावर अवलंबून असतात, ते रोजनामा सुरू करताच नाहीसे होतात. दोष नाहीसा झाला ही गोष्टही पुरावाच समजावी: दोष वेळेशी निगडित आहे, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

रोजनाम्याच्या जोडीला तारेवरून खरोखर काय गेले याची स्वतंत्र नोंद घ्यावी. त्यासाठी वायरशार्क हे साधन सर्वत्र वापरले जाते. जोडणीचा आरंभ तीन निरोपांनी होतो: आपण विनंती करतो, पलीकडचा ती स्वीकारून आपली विनंती करतो, आपण ती स्वीकारतो. तारेवर पहिला निरोप पुनःपुन्हा जाताना दिसतो आणि उत्तर येत नाही, तर दोष बाहेरचा. तिन्ही निरोप पुरे झाले, सर्व्हरने मजकूरही पाठवला, आणि रोजनाम्यात मात्र प्रोग्रामला तो मिळाल्याची नोंद नाही, तर दोष निःसंशय मधल्या थरातला. या दोन नोंदी शेजारी ठेवून ताडून पाहणे, हाच या साऱ्या विद्येचा गाभा आहे.

८. तीन नमुने

पहिला नमुना स्वतःच्या पत्त्याचा. एकाच जागेतील दोन यंत्रांनी आपापसांत बोलायचे असेल तर जुने प्रोग्राम आधी स्वतःच्या यंत्राचे नाव विचारतात, त्या नावाचा पत्ता विचारतात, आणि तो पत्ता दुसऱ्या यंत्राला कळवतात. विंडोजवर या प्रश्नाचे उत्तर म्हणून जाळ्यातला खरा पत्ता मिळतो. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत मात्र यंत्राच्या नावापुढे १२७.०.१.१ असा पत्ता लिहून ठेवण्याची प्रथा आहे. आणि १२७ ने आरंभ होणारे सारे पत्ते 'मी स्वतः' या अर्थाचे असतात. परिणामी दुसऱ्या यंत्राला निरोप जातो, 'मला १२७.०.१.१ वर हाक मार', आणि ते बिचारे स्वतःलाच हाक मारीत बसते. जोडीने खेळायच्या जुन्या खेळांना याचा विशेष उपद्रव झाला. लिनक्सची ती प्रथा चूक नव्हती, प्रोग्रामची अपेक्षाही अवाजवी नव्हती. म्हणून वाइनमध्येच अशी सोय करण्यात आली, की स्वतःचे नाव विचारले असता जाळ्यातील खरे पत्ते उत्तरादाखल द्यावेत.

दुसरा नमुना मुदतीचा. पलीकडून काहीच उत्तर येत नसेल तर विंडोज रूढ मांडणीत सुमारे २१ सेकंदांत जोडणीचा नाद सोडते. लिनक्सच्या दीर्घकाळ प्रचलित असलेल्या मांडणीत, सहा वेळा पुन्हा प्रयत्न करून, सुमारे १२७ सेकंद लागतात. ज्या प्रोग्रामने दोन सर्व्हरांची यादी ठेवली आहे, आणि पहिला बंद असल्यास दुसऱ्याकडे जायचे असे ठरवले आहे, तो विंडोजवर पाऊण मिनिटाच्या आत दुसऱ्याशी बोलू लागतो, आणि येथे दोन मिनिटांहून अधिक काळ गप्प राहतो. जोडणी अखेर होते, पण तोवर वापरणाऱ्याने प्रोग्राम बंद केलेला असतो, आणि तक्रार 'जोडणी होत नाही' अशी नोंदली जाते.

तिसरा नमुना सुरक्षित जोडणीचा. साधे संकेतस्थळ उघडते आणि कुलूप असलेले उघडत नाही, असे झाले तर सॉकेटांकडे पाहण्याचे कारणच नाही. गुप्त जोडणीचे काम वाइन स्वतः करीत नाही. ते लिनक्सवरच्या जीएनयूटीएलएस या ग्रंथालयाकडून करवून घेते. जुन्या पद्धतीच्या मांडणीत ३२-बिट प्रोग्रामला त्या ग्रंथालयाची ३२-बिट प्रतच लागते, आणि ६४-बिट लिनक्सवर ती आपोआप बसलेली नसते. ती प्रत असूनही अडले तर दोन गोष्टी पाहाव्यात. एक, यंत्राचे घड्याळ. घड्याळाची बॅटरी संपून तारीख मागे गेलेल्या यंत्राला प्रत्येक प्रमाणपत्र अवैधच वाटते. दुसरी, जोडणीची पिढी. जुना प्रोग्राम टीएलएस १.० मागत असेल, तर १९९९ सालची ती पद्धत २०२१ च्या मार्चमध्ये अधिकृतपणे मोडीत काढण्यात आली असून आजचे सर्व्हर ती नाकारतात. त्यांनी ती नाकारणे उचितच आहे, आणि हा नकार वाइनने दुरुस्त करण्याची अपेक्षा धरू नये.

याच वर्गात परवानगीची एक बाब येते. १०२४ खालच्या पोर्टवर सेवा मांडण्याचा अधिकार लिनक्स रूढ मांडणीत केवळ प्रशासकाला देते. विंडोजमध्ये असा निर्बंध नाही. म्हणून ८० या पोर्टवर बसू पाहणाऱ्या प्रोग्रामला १००१३ मिळतो. यावर वाइनच प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे हा उपाय काही जण सुचवतात. तो करू नये, कारण त्यामुळे कोठल्याही परक्या प्रोग्रामच्या हाती सगळ्या यंत्राची मुखत्यारी जाते. पोर्ट बदलणे शक्य असेल तर तेवढ्याने भागते.

९. दुरुस्ती आणि तिची कैफियत

काल चालत असलेली गोष्ट वाइनची नवी आवृत्ती बसवताच बंद पडली, तर शोध सर्वांत सोपा होतो, कारण तेव्हा कोडचे ज्ञान नसलेला मनुष्यही दोषाची नेमकी जागा दाखवू शकतो. समजा जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या दरम्यान १,००० बदल झाले. मधला, ५०० वा बदल घेऊन त्या ठिकाणचे वाइन चालवून पाहावे. तेथे प्रोग्राम चालला तर दोष पुढल्या ५०० त, न चालला तर मागल्या ५०० त. मग २५०, मग १२५; दर चाचणीला संशयितांची संख्या निम्मी होत जाते, आणि अवघ्या दहा चाचण्यांत दोषी बदल एकटा उरतो. गिट या साधनात ही निम्मे-निम्मे करण्याची सोय तयारच आहे.

दोष कळवताना कैफियत अशी लिहावी, की वाचणाऱ्याला एकही प्रश्न परत विचारावा लागू नये: वाइनची व लिनक्सची आवृत्ती, कोऱ्या फोल्डरमध्ये दोष दिसतो की नाही, खऱ्या विंडोजवर काय होते, त्रुटी क्रमांक, विनसॉक विभागाचा रोजनामा, आणि दोष पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या क्रमाने. रोजनाम्यात पासवर्ड आणि खातेदारांची नावे उमटलेली असू शकतात. ती पाठवण्यापूर्वी काढून टाकावीत.

प्रत्यक्ष दुरुस्ती करणाऱ्याने यापुढचे एक पथ्य पाळायचे असते, आणि वाइनच्या कामाची प्रतिष्ठा मुख्यतः त्या पथ्यावर उभी आहे. एका प्रोग्रामचे नाव ओळखून त्याच्यापुरती पळवाट काढण्याऐवजी तो आधी एक छोटा चाचणी-प्रोग्राम लिहितो, जो केवळ एवढेच विचारतो, की अमक्या स्थितीत अमकी मागणी केली असता कोणते उत्तर आणि कोणता क्रमांक मिळतो. ही चाचणी प्रथम खऱ्या विंडोजवर, शक्य तर तिच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर चालवली जाते. तेथे मिळालेले उत्तर हे प्रमाण मानले जाते, मग ते मायक्रोसॉफ्टच्या छापील माहितीशी जुळो वा न जुळो, कारण जुन्या प्रोग्रामांचे कर्ते माहिती वाचून थांबलेले नसतात, त्यांनी आपला प्रोग्राम प्रत्यक्ष विंडोजवर चालेपर्यंत ठोकून-ठाकून बसवलेला असतो. नंतर वाइनचा कोड त्या उत्तराशी जुळेल असा बदलला जातो, आणि चाचणी कायमची दप्तरात जमा होते, जेणेकरून पुढे कोणी त्याच भागाला हात लावला आणि जुनी चूक परत आली, तर ती वापरणाऱ्याच्या आधी चाचणीला दिसावी. अशा सहस्रावधी चाचण्या आज जमा झाल्या आहेत. विंडोज कसे वागते याचा कोणत्याही छापील ग्रंथाहून अधिक विश्वसनीय असा हा लेख आहे, आणि तो लिहिला गेला तो प्रोग्राम कोठे अडला हे नेमकेपणाने सांगणाऱ्या, पण बहुधा स्वतः एक ओळही कोड न लिहिणाऱ्या, असंख्य माणसांच्या कैफियतींवरून.